छायाचित्रातील आकाशाचे नाट्य : संगणकीय संस्करणाच्या पद्धती, त्यांचे शास्त्र आणि मर्यादा

सारांश

छायाचित्रातील फिकट, निस्तेज आकाश संगणकीय संस्करणाने गडद, मेघाच्छादित व नाट्यपूर्ण करता येते. या संस्करणाच्या प्रमुख पद्धती आणि त्यांमागील शास्त्र प्रस्तुत लेखात सोप्या उदाहरणांनी स्पष्ट केले आहे. नोंदले गेलेले आकाश उठावदार करणे आणि नसलेले आकाश आणून बसविणे या दोन क्रिया तत्त्वतः भिन्न आहेत, हा लेखाचा मुख्य मुद्दा होय. पुण्यातील शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे उदाहरण घेऊन हा भेद दाखविला आहे. शेवटी महाविद्यालयीन अहवाल, प्रकल्प व स्पर्धा यांसाठी काही व्यवहार्य सूचना केल्या आहेत.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका आंतरमहाविद्यालयीन छायाचित्र स्पर्धेच्या परीक्षणाचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. ज्या चित्रास आम्ही परीक्षकांनी एकमताने प्रथम क्रमांक दिला, त्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा अगदी समोरून टिपलेला होता. दरवाजावरील नगारखान्यामागे मावळता सूर्य होता आणि केशरी-जांभळ्या ढगांनी सारे आकाश पेटल्यासारखे दिसत होते. पारितोषिक वितरणानंतर भूगोल विषयाच्या एका प्राध्यापिकांनी सहज विचारले, "हे छायाचित्र कोणत्या दिशेला तोंड करून काढले आहे?" दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. त्याच्या समोर उभे राहणाऱ्याचे तोंड दक्षिणेकडे असते. पुण्यात सूर्य दक्षिणेला मावळत नाही.

आकाश दुसरीकडून आणून बसविले होते, हे विद्यार्थ्याने विचारताच मोकळेपणाने सांगितले. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता, कारण 'संगणकीय संस्करणास अनुमती आहे' एवढेच नियमावलीत लिहिलेले होते. दोष असलाच तर तो आम्हा परीक्षकांचा होता. आम्हाला नाट्य दिसले, परंतु दिशा दिसली नाही. हा लेख त्या प्रसंगातून सुचला आहे. संस्करणाचे तंत्र नीट समजल्याखेरीज त्याची मर्यादाही समजत नाही. म्हणून प्रथम तंत्राचा विचार करू.

१. आकाश पांढरे का येते?

डोळ्यांना निळे दिसलेले आकाश छायाचित्रात पांढरे येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. याचे कारण प्रकाशाच्या तीव्रतेतील तफावत हे होय. डिसेंबर महिन्यात पुण्यात माध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो. त्या वेळी दिल्ली दरवाजाचे दर्शनी अंग पूर्णतः सावलीत असते, तर त्यामागील दक्षिणेचे आकाश अतिशय उजळ असते. कॅमेऱ्याने सावलीतील दरवाजा स्पष्ट दिसावा अशा बेताने प्रकाश घेतला, तर आकाशाचा भाग त्याच्या नोंदक्षमतेपलीकडे जातो.

नेहमीच्या जेपीईजी प्रकारच्या चित्रात प्रत्येक चित्रबिंदूसाठी लाल, हिरवा व निळा या रंगांची मूल्ये ० ते २५५ या मर्यादेत नोंदली जातात. तिन्ही मूल्ये २५५ झाली की तो बिंदू शुद्ध पांढरा होतो. तेथे ढग होता की मोकळे आकाश होते, ही माहिती कायमची नष्ट झालेली असते. कोणतेही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही. फार तर तिच्या जागी दुसरे काही रंगवू शकते.

यावरून पहिला व्यावहारिक नियम निघतो. नाट्यपूर्ण आकाश हवे असल्यास एक्स्पोजर आकाशाच्या बेताने घ्यावे व चित्र 'रॉ' स्वरूपात साठवावे. १४ बिट रॉ चित्रात प्रत्येक रंगासाठी २५६ ऐवजी १६,३८४ पातळ्या उपलब्ध असतात आणि त्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२ पातळ्या सर्वांत उजळ एका 'स्टॉप'च्या वाट्यास येतात. आकाश बहुधा याच भागात मोडते. म्हणजेच मर्यादा ओलांडली नाही तोवर आकाशाविषयीची माहिती अत्यंत दाट नोंदली जाते. काळवंडलेला दरवाजा पुढे काही प्रमाणात उजळता येतो, उडालेले आकाश मात्र परत येत नाही.

२. ही अडचण जुनीच आहे

एकोणिसाव्या शतकात कलोडियन काचपट्ट्या वापरात होत्या. त्या मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील असल्याने निळे आकाश आणि पांढरा ढग यांची नोंद जवळजवळ सारखीच होई. त्या काळातील दृश्यचित्रांत आकाश कोरे का दिसते, याचे उत्तर येथे आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात यावर उपाय योजला. समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह घेऊन त्यांनी त्या एकाच कागदावर छापल्या. एकच मेघपटल त्यांच्या एकाहून अधिक सागरचित्रांत आढळते. सॉफ्टवेअरमधील तयार आकाशांच्या संग्रहाचे मूळ असे दीडशे वर्षांहून जुने आहे.

पुढे सर्व रंगांना संवेदनशील अशी पँक्रोमॅटिक फिल्म आली आणि पिवळ्या व लाल काचांच्या फिल्टरने आकाश गडद करणे शक्य झाले. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९२७ साली योसेमिटी खोऱ्यातील 'हाफ डोम' या कड्याचे चित्र लाल फिल्टर लावून घेतले. त्यातील जवळपास काळे आकाश आजही अभ्यासले जाते. ते आकाश तेथलेच होते. त्याच्या अनेक रंगांपैकी कोणत्या रंगाचा प्रकाश नोंदवायचा, एवढीच निवड छायाचित्रकाराने केली होती.

३. लाल फिल्टरचे गणित

हवेच्या रेणूंकडून होणारे प्रकाशाचे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचे प्रकीर्णन ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाहून सुमारे चौपट होते. म्हणून आकाश निळे दिसते. ढगातील जलबिंदू त्यामानाने बरेच मोठे असल्याने ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून ढग पांढरा दिसतो.

आता समजा, एका चित्रात निळ्या आकाशाची मूल्ये लाल ९०, हिरवा १४० व निळा २१० अशी असून ढगाची मूल्ये अनुक्रमे २३५, २३५ व २४० आहेत. केवळ निळ्या रंगाच्या मूल्यांवरून कृष्णधवल चित्र तयार केले, तर ढग व आकाश यांत अवघा ३० चा फरक राहतो. जुन्या काचपट्टीवर साधारण हेच घडत असे. केवळ लाल मूल्ये घेतल्यास मात्र तोच फरक १४५ होतो आणि गडद आकाशावर ढग उठून दिसतो. फोटोशॉप व गिम्प या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये 'चॅनल मिक्सर' ही सुविधा आहे. तिच्या साहाय्याने लाल रंगाचे प्रमाण वाढवून निळ्याचे घटविणे म्हणजेच लाल फिल्टर लावणे होय. गिम्प विनामूल्य उपलब्ध असल्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा प्रयोग कोणालाही करून पाहता येतो.

४. रंगीत चित्रातील प्रमुख पद्धती

(अ) 'मल्टिप्लाय' पद्धती : मूळ चित्राची प्रत त्याच्यावरच दुसरा थर म्हणून ठेवावी. या थरास 'लेअर' म्हणतात. दोन्ही थर 'मल्टिप्लाय' रीतीने एकत्र करावेत. येथे प्रत्येक बिंदूचे मूल्य दुसऱ्या थरातील मूल्याने गुणून २५५ ने भागले जाते. ढगाचे मूल्य २४० असल्यास ते २२६ होते, तर आकाशाचे १५० हे मूल्य ८८ वर येते. पूर्वीचा ९० चा फरक १३८ होतो. ढग थोडासाच मंदावतो, आकाश मात्र बरेच गडद होते. 'नाट्य' असे ज्यास आपण म्हणतो, ते बहुतांशी या फरकातून निर्माण होते.

(आ) 'कर्व्ह्ज' : मूळ मूल्ये व बदललेली मूल्ये यांचा संबंध दर्शविणारी रेषा इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वाकविल्यास मधल्या छटांतील भेद वाढतात. वरकरणी एकसुरी भासणाऱ्या पावसाळी आकाशातील ढगांचे पदर अशाने उलगडतात.

(इ) 'मास्क' : वरील बदल संपूर्ण चित्रावर केल्यास दरवाजाही काळवंडतो. म्हणून थरावर मास्क लावतात. मास्कचा पांढरा भाग बदल दाखवितो, काळा भाग तो झाकतो आणि करड्या छटा तो अंशतः दाखवितात. सपाट क्षितिज असल्यास पांढऱ्यापासून काळ्याकडे क्रमाने जाणारा मास्क पुरतो. झाडांच्या फांद्या वा कंगोरे असल्यास निळ्या रंगाच्या मूल्यांवरूनच मास्क तयार करणे सोयीचे, कारण त्या मूल्यांत आकाश सर्वांत उजळ व झाड बहुधा गडद असते. मास्कची कडा चुकली तर इमारतीभोवती पांढरी रेघ उमटते. घाईने केलेल्या कामाची ही सर्वांत ठळक खूण होय.

(ई) 'डीहेझ' : धुरकटपणामुळे कमी झालेला छटाभेद ही सुविधा भरून काढते. हिवाळ्यातील सकाळी सिंहगडावरून घेतलेल्या पुण्याच्या चित्रास तिचा चांगला उपयोग होतो. परंतु तिचा अतिरेक झाल्यास आकाशात रवाळपणा येतो, रंगांचे पट्टे दिसू लागतात आणि कॅमेऱ्याच्या संवेदकावरील धुळीचे ठिपकेही उठून दिसतात. शिवाय धुरके हाच जर अभ्यासाचा विषय असेल, तर ते पुसून टाकणे म्हणजे पुरावाच पुसणे होय.

या चारही पद्धतींत एक समान सूत्र आहे. आकाशातील प्रत्येक ढग त्या क्षणी, त्या ठिकाणी होता. आपण केवळ त्याची छटा बदलली.

५. आकाश-प्रतिस्थापन आणि त्याच्या कसोट्या

ऑक्टोबर २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये 'स्काय रिप्लेसमेंट' ही सुविधा समाविष्ट झाली. सॉफ्टवेअर चित्रातील आकाशाचा भाग स्वतःच ओळखते, संग्रहातील दुसरे आकाश तेथे बसविते, कडा जुळविते आणि जमिनीवरील दृश्यासही त्या आकाशाला शोभेशी रंगछटा देते. पूर्वी कुशल कारागिराला अनेक तास लागणारे हे काम आता काही सेकंदांत होते. तथापि दृश्य कोणत्या गावचे, कोणत्या दिशेचे व कोणत्या ऋतूतील आहे, याचा मेळ ही सुविधा घालीत नाही. तो पाहणाऱ्यानेच घालावा लागतो. त्यासाठी पुढील कसोट्या उपयोगी पडतात.

पहिली कसोटी दिशेची. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर आहेत. येथे सूर्यास्ताचे स्थान वर्षभरात नेमक्या पश्चिमेच्या उत्तरेस व दक्षिणेस प्रत्येकी सुमारे २५ अंशांपर्यंतच सरकते. म्हणून समोरून घेतलेल्या दिल्ली दरवाजाच्या चित्रात मावळता सूर्य दरवाजामागे येणे असंभव आहे.

दुसरी कसोटी सावलीची. सूर्य वस्तूच्या मागे असेल तर सावली प्रेक्षकाच्या बाजूस पडली पाहिजे. मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस पुण्यात माध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावली पायाशी गोळा होते. अशा चित्रावर संध्याकाळचे आकाश बसविल्यास रंग कितीही जुळवले, तरी सावली खरे सांगून जाते.

तिसरी कसोटी ऋतूची. मे महिन्यातील दुपारी मनोऱ्यासारखे चढत जाणारे वळवाचे ढग, जुलैतील सलग करडे छत आणि डिसेंबर-जानेवारीतील बहुधा निरभ्र आकाश ही पुण्याच्या आकाशाची वेगवेगळी रूपे आहेत. वाळलेले गवत आणि आषाढातील ढग एका चित्रात आले, तर शंका घेण्यास जागा आहे.

चौथी कसोटी प्रतिबिंबाची. नदी, तळे वा खिडकीची काच यांत जुनेच आकाश राहून गेलेले असते किंवा नवे आकाश चुकीच्या कोनातून उमटविलेले असते.

६. पुण्यातील दोन परंपरा

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, कलेत कल्पनेला मज्जाव का असावा? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुण्याच्याच इतिहासात सापडते. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटातील वैकुंठगमनाचे दृश्य चलच्चित्रणाच्या युक्तीने साकारलेले आहे. तुकोबांना घेऊन आकाशात जाणारे ते वाहन कोणत्याही खऱ्या आकाशात उडाले नव्हते. तरीही त्यास कोणी फसवणूक म्हटले नाही, कारण आपण भक्तिकथा पाहत आहोत हे प्रेक्षकाला ठाऊक होते. प्रभातच्या त्याच वास्तूत १९६० साली चित्रपट-शिक्षणाची संस्था सुरू झाली. आज ती भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था म्हणून ओळखली जाते. आकाश घडविण्याची ही पुण्याची एक परंपरा होय.

दुसरी परंपरा आकाश नोंदविण्याची आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. ते पुढे दिल्लीस गेले असले, तरी शिवाजीनगरातील त्या वास्तूस पुणेकर अद्याप 'सिमला ऑफिस' असेच म्हणतात. हवामान निरीक्षक आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती भाग ढगांनी व्यापले आहेत आणि ते ढग कोणत्या प्रकारचे आहेत याची नोंद ठेवतो. त्याने सुंदर दिसावे म्हणून दोन ढग अधिक लिहिले, तर ती नोंद निरुपयोगी ठरेल.

दोन्ही परंपरा आपापल्या जागी आदरणीय आहेत. एकीतील वस्तू दुसरीत बेमालूमपणे शिरली म्हणजे अनर्थ होतो. ऑगस्ट २००६ मध्ये बैरुतवरील हवाई हल्ल्यानंतरच्या एका वृत्तचित्रात आकाशातील धुराचे लोट संगणकाने वाढविल्याचे उघड झाले. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ते चित्र मागे घेतलेच, शिवाय संबंधित छायाचित्रकाराची संग्रहातील सर्व ९२० छायाचित्रेही काढून टाकली. हल्ला खरा होता व धूरही खरा होता. परंतु थोडासा धूर वाढविल्याने खऱ्या धुराचीही साक्ष संशयास्पद झाली.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा धोका दूरचा नाही. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याचा हवा-प्रदूषणावरील प्रकल्प, इतिहास विभागाने केलेले वास्तूंचे दस्तऐवजीकरण, राष्ट्रीय सेवा योजनेचा शिबिर अहवाल या सर्वांत छायाचित्र पुरावा म्हणून जोडले जाते. आज शोभेसाठी बदललेले आकाश उद्याच्या अभ्यासकाला त्या दिवसाचे हवामान म्हणून वाचावे लागेल.

७. व्यवहार्य सूचना

(१) संस्करणाच्या तीन पायऱ्या मानाव्यात : संपूर्ण चित्राच्या छटांत केलेला बदल, मास्क वापरून केवळ आकाशात केलेला बदल आणि आकाशाचे प्रतिस्थापन. दस्तऐवजासाठी पहिली पायरी सामान्यतः ग्राह्य धरावी. दुसरी पायरी मर्यादेत व नोंद करून स्वीकारावी. तिसरी पायरी पूर्णतः वर्ज्य समजावी.

(२) कलाविभागातील चित्रांत प्रतिस्थापनास मुभा असावी. मात्र चित्राखाली 'आकाश अन्य छायाचित्रातून घेतले आहे' असे स्पष्ट लिहावे. अशा उल्लेखाने कलेचे मोल घटत नाही.

(३) स्पर्धेच्या व प्रकल्पाच्या नियमावलीत 'संस्करणास अनुमती' असे मोघम न लिहिता कोणत्या पायरीपर्यंत अनुमती आहे, ते नमूद करावे. मूळ, असंस्कारित चित्र सोबत मागवावे.

(४) चित्राखाली स्थळ, दिनांक व वेळ यांच्या जोडीने दिशाही नोंदवावी. या एका शब्दाने बऱ्याच चुका तेथेच उघड होतील.

समारोप

दिल्ली दरवाजाचे खरे नाट्यपूर्ण छायाचित्र मिळू शकत नाही, असे मात्र नाही. जूनच्या मध्यास पुण्यात सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो. त्या दिवसांत संध्याकाळी ढगांना फट पडली आणि मध्ये अडसर नसला, तर एरवी सावलीत असणाऱ्या या दरवाजावर उजव्या हाताने तिरपा, सोनेरी प्रकाश येतो आणि मागे दक्षिणेला पावसाचे काळे ढग असू शकतात. सूर्यापासून सुमारे ९० अंशांवरील निळ्या आकाशाचा प्रकाश सर्वाधिक ध्रुवित असल्याने ढगांमधील मोकळे आकाश 'पोलरायझर' फिल्टरने त्याच वेळी सर्वांत गडद करता येते. वर वर्णिलेल्या मल्टिप्लाय व मास्क या पद्धतींनी ते चित्र आणखी उठावदार होईल, आणि त्यातील एकही ढग परका नसेल.

यासाठी सॉफ्टवेअरच्या ज्ञानाबरोबर पंचांग, होकायंत्र आणि आकाशाकडे पाहण्याची सवय लागते. ज्या विद्यार्थ्याच्या चित्रास आम्ही पारितोषिक दिले, त्याला या गोष्टी कोणी शिकविल्या नव्हत्या. छायाचित्रण, भूगोल आणि भौतिकशास्त्र हे विषय आपण वेगवेगळ्या खोल्यांत शिकवितो. आकाशाच्या एका चित्रात ते एकत्र येतात, हे विद्यार्थ्याला दाखविण्याचे काम शिक्षकांचे आहे.